जॉन वॉटसन, मागून पुढे येणारा ड्रायव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॉर्म्युला वनच्या गप्पा सत्तर-ऐंशीच्या दशकांकडे वळल्या की तीच नावं येतात: लॉडा, हंट, विलनव्ह, प्रॉस्ट. जॉन वॉटसनचं नाव निघतं ते एका विक्रमापुरतं, तेही क्विझमध्ये. मला हे मनापासून खटकतं. जेम्स हंटचा शेवटचा विजय ऑक्टोबर १९७७ चा, जपानमधला. नायजेल मॅन्सेलचा पहिला विजय ऑक्टोबर १९८५ चा, ब्रँड्स हॅचवरचा. या आठ वर्षांत फॉर्म्युला वनची शर्यत जिंकणारा ब्रिटिश ड्रायव्हर एकच होता, जॉन वॉटसन. त्याच्याबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

जॉन वॉटसन नेमका कुठला? ब्रिटिश म्हणायचं की आयरिश?

त्याचा जन्म ४ मे १९४६ रोजी बेलफास्टला झाला. बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये येतं, त्यामुळे शर्यतींच्या नोंदींत तो ब्रिटिश ड्रायव्हर असतो. पण तो इंग्लिश नव्हे. उत्तर आयर्लंडमधून येऊन ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची शर्यत, जिंकणारा तो पहिला. पुढे एडी अर्व्हाइनने १९९९ मध्ये चार शर्यती जिंकल्या, तरी पाच विजयांसह वॉटसन आजही त्याच्या पुढेच आहे.

तो फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचला कसा?

हळूहळू, आणि हाडं मोडून घेत. १९७० मध्ये फॉर्म्युला टूच्या, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीच्या, शर्यतीत फ्रान्समधल्या रुआँला त्याला मोठा अपघात झाला. हात मोडला, पायही मोडला. त्यातून सावरला. मार्च १९७३ मध्ये ब्रँड्स हॅचच्या 'रेस ऑफ चॅम्पियन्स'मध्ये नवीकोरी ब्रॅबम बीटी४२ चालवताना पुन्हा पाय मोडला. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला, ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये, त्याने विश्व अजिंक्यपद मालिकेत पदार्पण केलं. मधे अवघे चार महिने.

गाडी कारखान्याच्या संघाची नव्हती. लंडनच्या हायगेट भागातल्या 'हेक्सागॉन' या गाड्यांच्या व्यापाऱ्याने विकत घेतलेली ब्रॅबम होती. त्या काळी हे चालायचं. एखाद्या हौशी मालकाने तयार गाडी विकत घ्यायची, चार मेकॅनिक जमवायचे आणि ग्रां प्रीला उतरायचं. १९७४ मध्ये अशाच संघातून त्याने मोनॅकोला सहावा येऊन कारकिर्दीतला पहिला गुण मिळवला. ऑस्ट्रियात तो चौथा आला, अमेरिकेत पाचवा. वर्षाचे एकूण सहा गुण. भाड्याने घर घेऊन राहणाऱ्याने मालकांच्या पंक्तीत बसावं, तशी ही कामगिरी होती.

१९७५ मध्ये तो सर्टीझ संघाकडे गेला आणि त्या गाडीने त्याची पार निराशा केली. गुण शून्य. पण वर्ष संपता संपता त्याला पेन्स्के संघाने बोलावलं, आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते.

दाढीची ती गोष्ट खरी आहे का?

हो, अगदी खरी. पण तिच्यामागचा भाग बरेच जण गाळतात, म्हणून नीट सांगतो.

रॉजर पेन्स्के हा अमेरिकन संघमालक शिस्तीचा आणि टापटिपीचा. त्याच्या संघाचा आधीचा ड्रायव्हर मार्क डोनोह्यू. ऑगस्ट १९७५ मध्ये ऑस्ट्रियाच्या ऑस्टेररायशरिंगवर सकाळच्या सरावात डोनोह्यूच्या गाडीचा टायर फुटला आणि गाडी कठड्याबाहेर गेली. दोन दिवसांनी ग्राझच्या इस्पितळात तो वारला. त्याच्या रिकाम्या जागेवर वॉटसन आला.

बरोबर एका वर्षाने, १५ ऑगस्ट १९७६ ला, संघ पुन्हा त्याच ट्रॅकवर आला. त्याआधी फ्रान्स आणि ब्रिटन अशा दोन शर्यतींत वॉटसनच्या नावावर तिसरा क्रमांक लागला होता, म्हणजे गाडी जमून आली होती. वॉटसनला भरघोस दाढी होती आणि पेन्स्केला ती खुपायची. पहिली शर्यत जिंकलास की दाढी उतरवायची, अशी पैज ठरली होती. त्या दिवशी ट्रॅक थोडा ओलसर होता. वॉटसन दुसऱ्या जागेवरून सुटला. पीटरसन, निल्सन, शेक्टर, हंट अशा मंडळींशी पहिल्या काही फेऱ्या झुंजला, पुढे निघाला आणि मग कोणाला सापडला नाही. लाफिट दुसरा आला, निल्सन तिसरा. दाढी गेली, आणि पुढे त्याने ती कधी वाढवली नाही.

संघमालक म्हणून पेन्स्केच्या स्वतःच्या गाडीचा फॉर्म्युला वनमधला हा एकमेव विजय. वर्षअखेरीस त्याने फॉर्म्युला वनमधून अंग काढून घेतलं. ज्या ट्रॅकवर माणूस गमावला, तिथेच वर्षभराने हा विजय मिळाला. दाढीचा किस्सा सांगताना डोनोह्यूचं नाव घेतलंच पाहिजे, असं मला वाटतं.

निकी लॉडाच्या जळित अपघाताच्या वेळी वॉटसन तिथे होता का?

होता. १ ऑगस्ट १९७६, न्यूरबर्गरिंग. पेटत्या फेरारीतून लॉडाला बाहेर काढणारे चौघे म्हणजे मर्झारियो, लंगर, एडवर्ड्स आणि एर्टल. त्यांचा मान त्यांनाच. वॉटसन थोडा मागून आला, थांबला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत लॉडाच्या उशाशी राहिला. लॉडा तेव्हा शुद्धीवर होता, बोलत होता. ऑस्ट्रियातला विजय यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी आला, हे ध्यानात घ्या. पुढे हे दोघे दोन वेगवेगळ्या संघांत एकमेकांचे सहकारी झाले.

ब्रॅबममध्ये १९७७ आणि १९७८ अशी दोन वर्षं काढली, मग एकही विजय का नाही?

संघ बर्नी एक्लस्टोनचा, गाडीची रचना गॉर्डन मरेची, इंजिन अल्फा रोमिओचं बारा सिलिंडरचं. ताकद भरपूर, पण इंजिन जड आणि पेट्रोल पिणारं.

३ जुलै १९७७, दिजाँ, फ्रेंच ग्रां प्री. जवळपास सगळी शर्यत वॉटसन सर्वांत पुढे होता. मागे मारिओ आंद्रेत्ती चिकटून होता, पण वाट मिळत नव्हती. शेवटची फेरी सुरू झाली, आणि इंजिनला पेट्रोल पोहोचेना. गाडीने क्षणभर आचका खाल्ला. आंद्रेत्ती बाजूने निघून गेला. वॉटसन दुसरा.

त्याच वर्षी मोनॅकोला त्याने पोल पोझिशन, म्हणजे सर्वांत पुढून सुटण्याची जागा, मिळवली होती, १९७८ मध्ये पॉल रिकार्डलाही. १९७८ च्या मॉन्झात तो लॉडाच्या मागे दुसरा आला, तोही आंद्रेत्ती आणि विलनव्ह यांना आधी सुटल्याबद्दल दंडाचा मिनिट मिळाल्यामुळे. वेग होता, पण शर्यतीचा शेवट हाती लागत नव्हता. त्या दोन वर्षांतला वॉटसन मला सर्वांत दुर्दैवी वाटतो.

पंखा लावलेली ती ब्रॅबम त्यानेही चालवली होती?

हो. १७ जून १९७८, स्वीडनमधलं अँडरस्टॉर्प. गाडीच्या मागे मोठा पंखा बसवून खालची हवा ओढून घ्यायची आणि गाडी रस्त्याला चिकटवायची, ही मरेची युक्ती. वॉटसन दुसऱ्या जागेवरून सुटला, लॉडा तिसऱ्या. लॉडा जिंकला, वॉटसनला शर्यत पुरी करता आली नाही. गाडी पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही.

मग मॅक्लारेनमध्ये तो कसा आला?

पुन्हा एकदा दुसऱ्याच्या मृत्यूनंतर. १९७९ साठी मॅक्लारेनने रॉनी पीटरसनला करारबद्ध केलं होतं. सप्टेंबर १९७८ मध्ये मॉन्झाच्या अपघातानंतर पीटरसन गेला, आणि ती जागा वॉटसनला मिळाली.

पहिल्याच शर्यतीत, अर्जेंटिनात, तो तिसरा आला. त्यानंतर मात्र उतरण लागली. मॅक्लारेनची एम२८ ही गाडी जागतिक दर्जाची नव्हतीच. १९८० मध्ये सहकारी म्हणून एक नवखा फ्रेंच मुलगा आला, अ‍ॅलन प्रॉस्ट. सरावात तो वॉटसनपेक्षा वेगवान निघाला आणि मोनॅकोला तर वॉटसनला शर्यतीत जागाच मिळाली नाही. वर्षअखेरचे गुण मात्र वॉटसन सहा, प्रॉस्ट पाच असे होते. तरी तेव्हा पुष्कळांनी वॉटसनला संपलेला धरलं होतं.

सिल्व्हरस्टोन १९८१ च्या विजयाला एवढं महत्त्व का देतात?

कारण त्या दिवशी गाडी बनवण्याची पद्धत बदलली.

१९८० च्या शेवटी रॉन डेनिसचा प्रोजेक्ट फोर संघ आणि मॅक्लारेन एकत्र आले. डेनिसबरोबर जॉन बर्नार्ड हा डिझायनर आला. तोवर फॉर्म्युला वन गाडीचा सांगाडा, म्हणजे ड्रायव्हर ज्यात बसतो तो टब, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांपासून बनायचा. बर्नार्डने तो कार्बन फायबरचा करायचं ठरवलं. इंग्लंडमध्ये असं काम कोणी घेईना, म्हणून अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमधल्या हर्क्युलीस या विमान-क्षेपणास्त्रांची कामं करणाऱ्या कंपनीत टब तयार झाले. एमपी४/१ ही ती गाडी. हलकी, ताठ, न वाकणारी. पण शंका मोठी होती: कार्बन धडकेत काचेसारखा फुटला तर?

वॉटसनने ती गाडी १९८१ च्या उन्हाळ्यात हातात घट्ट पकडली. स्पेनमध्ये, हारामाला तिसरा. फ्रान्समध्ये दुसरा. मग १८ जुलैला सिल्व्हरस्टोन.

चौथ्या फेरीत वुडकोटच्या वळणावर विलनव्हची फेरारी गिरक्या घेत फिरली आणि धुराचा लोट उठला. अ‍ॅलन जोन्स तिच्यावर आदळला, वॉटसनचाच सहकारी डी चेझारिस बाहेर फेकला गेला. वॉटसनने ब्रेक असा दाबला की गाडी जवळजवळ उभीच राहिली. पाचव्या जागेवरून सुटलेला गडी दहाव्याच्या आसपास घसरला. तिथून तो एकेक गाडी गाठत वर आला. पुढे आर्नूची टर्बो (हवा दाबून ताकद वाढवणाऱ्या इंजिनाची) रेनॉ होती, पण तिच्या इंजिनाचा आवाज बिघडत चालला होता. साठ फेऱ्या झाल्यावर, शेवटच्या आठ उरल्या असताना, वॉटसन तिच्या पुढे गेला. त्या क्षणी स्टँडमधून जो गलका झाला, त्याबद्दल तिथे असलेले लोक आजही बोलतात. दुसऱ्या आलेल्या रॉयटेमानच्या पुढे तो तब्बल चाळीस सेकंद होता.

वॉटसनचा पाच वर्षांतला पहिला विजय, मॅक्लारेनचा १९७७ नंतरचा पहिला, आणि कार्बन फायबर टब असलेल्या गाडीचा फॉर्म्युला वनमधला पहिलाच.

आणि कार्बन फुटेल ही शंका?

तिचं उत्तरही वॉटसननेच दिलं, इच्छा नसताना. १३ सप्टेंबर १९८१, मॉन्झा. दुसऱ्या लेस्मो वळणातून बाहेर पडताना चाक कडेला गेलं, गाडी फिरली आणि मागच्या बाजूने जाऊन कठड्यावर आपटली. इंजिन आणि गिअरबॉक्स टबापासून तुटून वेगळे झाले, ट्रॅकवर ज्वाळा उठल्या. टीव्हीवर बघणाऱ्यांना ड्रायव्हर वाचला असेल असं वाटलं नाही. वॉटसन टबातून उतरला आणि चालत निघून गेला. टब शाबूत होता.

त्यानंतर वाद उरला नाही. पुढच्या काही वर्षांत बाकीच्या संघांनीही कार्बनचा मार्ग धरला. आज एखादा ड्रायव्हर भयंकर आदळूनही स्वतःच्या पायांनी बाहेर येतो, त्याची सुरुवात इथे आहे. माझ्या मते वॉटसनच्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची घटना कोणताही विजय नसून हा अपघात आहे.

१९८२ मध्ये त्याचं विश्वविजेतेपद किती थोडक्यात हुकलं?

पाच गुणांनी. विल्यम्सचा केके रोसबर्ग ४४, वॉटसन आणि फेरारीचा पिरोनी प्रत्येकी ३९. क्रमवारीत वॉटसन तिसरा धरला जातो.

ते वर्षच विलक्षण होतं. सोळा शर्यती आणि अकरा वेगवेगळे विजेते. मृत्यूही होते. ८ मे ला बेल्जियममधल्या झोल्डरच्या पात्रता फेरीत जील विलनव्ह गेला. दुसऱ्या दिवशीची शर्यत वॉटसनने जिंकली, शेवटाला टायर झिजलेल्या रोसबर्गला मागे टाकून. मग ६ जूनला डेट्रॉइटही जिंकली. मग कॅनडात तिसरा. कॅनडानंतर त्याच्याकडे ३० गुण होते आणि तो तक्त्यात सर्वांत वर होता, पिरोनीच्या स्पष्ट पुढे.

आणि तिथे नशीब फिरलं. हॉलंडपासून स्वित्झर्लंडपर्यंत सलग सहा शर्यतींत त्याला एकही गुण मिळाला नाही. चार वेळा तर गाडी शेवटापर्यंत गेलीच नाही. पिरोनी ऑगस्टमध्ये हॉकेनहाइमला पाय मोडून घेऊन कायमचा बाहेर पडला होता. म्हणजे वाट मोकळी होती, आणि त्याच काळात वॉटसनची झोळी रिकामी राहिली. त्याआधी एप्रिलमध्ये संघटनेच्या भांडणात मॅक्लारेनसह बऱ्याच ब्रिटिश संघांनी इमोलावर बहिष्कार टाकला होता, म्हणजे आणखी एक संधी गेली. अर्थात त्या बहिष्कारात रोसबर्गचा विल्यम्स संघही होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

लास वेगासच्या शेवटच्या शर्यतीला वॉटसन ३३ गुणांवर आला आणि रोसबर्ग ४२ वर. गणित सोपं होतं, पण फार कठीण: वॉटसनने जिंकायचं आणि रोसबर्गला काहीच मिळता कामा नये. मग दोघांचे ४२ झाले असते आणि जास्त विजयांमुळे मुकुट वॉटसनचा. वॉटसन मधल्या जागेवरून वर चढत दुसरा आला. अल्बोरेटो जिंकला. रोसबर्ग पाचवा. संपलं.

डेट्रॉइट १९८२ बद्दल लोक एवढं का बोलतात?

शहराच्या रस्त्यांवरचा नवा ट्रॅक, दोन्हीकडे काँक्रीटच्या भिंती, ओव्हरटेक करायला जागा नाही. वॉटसन सतराव्या जागेवर. सुरुवातीच्या अपघातामुळे शर्यत थांबवली गेली आणि त्या मोकळ्या वेळात त्याने अधिक कडक मिशलिन टायर निवडले. पुन्हा सुरू झाल्यावर गाडी बदलल्यासारखी पळायला लागली. एकाच फेरीत त्याने पिरोनी, चीव्हर आणि लॉडा या तिघांना मागे टाकलं. तिघेही पुढच्या रांगेतले लढवय्ये, एकही जण वाट देणारा नाही. तो दर वेळी आतल्या बाजूने, शेवटच्या क्षणी ब्रेक लावत घुसला. मग रोसबर्गला गाठून आघाडी घेतली. सतरावा ते पहिला, असा विजय त्याआधी विश्व अजिंक्यपदाच्या ग्रां प्रीमध्ये कोणी मिळवला नव्हता. तो विक्रम एकाच वर्षात मोडला, आणि मोडणाराही तोच.

बाविसाव्या जागेवरून शर्यत जिंकता येतेच कशी?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सविस्तर.

२७ मार्च १९८३, कॅलिफोर्नियातलं लाँग बीच. सव्वीस गाड्या सुटणार होत्या. वॉटसन बाविसावा आणि लॉडा तेविसावा. मॅक्लारेनसारख्या संघाचे दोन्ही ड्रायव्हर शेपटीला, कारण काय? टायर.

मॅक्लारेनकडे अजून जुनं तीन लिटरचं कॉसवर्थ व्ही८ इंजिन होतं, टर्बो नव्हतं. मिशलिनचे टायर त्या वर्षी रेनॉ आणि ब्रॅबमसारख्या ताकदवान टर्बो गाड्यांना नजरेसमोर ठेवून बनत होते. टायर पकड धरतो तो योग्य तापमानाला. हलकी, कमी ताकदीची मॅक्लारेन पात्रता फेरीच्या एक-दोन वेगवान फेऱ्यांत ते टायर तापवूच शकत नव्हती. थंड टायरवर गाडी घसरायची, वेळ खराब यायची, जागा मागची मिळायची. शर्यतीत मात्र टाकी भरलेली असते, वजन जास्त असतं, सलग फेऱ्या माराव्या लागतात. हळूहळू टायर तापतात. आणि जे टायर उशिरा तापतात, ते उशिरा झिजतात.

नेमकं तेच घडलं. पुढच्या मंडळींत मारामारी चालू होती. रोसबर्ग पहिल्याच फेरीत गोल फिरला, सावरला, आणि २५ व्या फेरीत आघाडीवरच्या ताँबेच्या फेरारीला जाऊन भिडला. दोघेही गेले. लाफिट पुढे आला. मागून लॉडा आणि वॉटसन ही जोडी एकापाठोपाठ एक गाड्या ओलांडत येत होती. अर्धी शर्यत होण्याआधीच वॉटसनने लॉडालाही मागे टाकलं. दोन सहकारी, दोघेही सारख्याच गाडीत, सारख्याच टायरवर, म्हणून हे ओव्हरटेक मी सर्वांत वरचं मानतो. इथे टायरचं कारण सांगता येत नाही, इथे फक्त ड्रायव्हर.

लाफिटचे टायर झिजले होते. पत्रेसे त्याला ओलांडायच्या प्रयत्नात बाहेर गेला, ती फट वॉटसनने साधली आणि पाठोपाठ लाफिटलाही मागे टाकलं. ७५ पैकी ४५ व्या फेरीला बाविसावा माणूस पहिला झाला होता. लॉडाच्या पायात गोळे आले आणि तो मागे पडला. शेवटाला वॉटसन लॉडाच्या सुमारे २८ सेकंद पुढे होता. तिसरा आर्नू.

लोक म्हणतात, पुढच्यांच्या गाड्या मोडल्या म्हणून जिंकला. काही मोडल्या, खरं आहे. पण आर्नू, लाफिट, लॉडा यांच्या मोडल्या नव्हत्या. त्यांच्या पुढे तो गाडी चालवून गेला.

तो विक्रम अजून टिकून आहे का?

आहे. रुबेन्स बॅरिकेलो हॉकेनहाइमला २००० मध्ये अठराव्या जागेवरून जिंकला. किमी रायकोनेन २००५ मध्ये सुझुकाला आणि मॅक्स फेरस्टापेन २०२४ मध्ये ब्राझीलला सतराव्या जागेवरून. आता ग्रिडवर मुळात गाड्याच कमी असतात, त्यामुळे बाविसाव्या जागेवरून जिंकायची संधीही फारशी येत नाही.

म्हणजे तो पात्रता फेरीत कच्चा होता, हे बरोबर ना?

नाही. मोनॅकोला पोल मिळवणारा माणूस एका फेरीत कच्चा असू शकत नाही. तिथे गाडीपेक्षा हात बोलतात. मॅक्लारेनमध्ये, विशेषतः १९८३ मध्ये, तो मागे असायचा त्याचं कारण वर सांगितलं. लाँग बीचनंतर दोनच महिन्यांत मोनॅकोला वॉटसन आणि लॉडा दोघांनाही शर्यतीत प्रवेश मिळाला नाही. लॉडा तेव्हा दोन वेळचा विश्वविजेता होता. त्याला कोणी कच्चा म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. वॉटसन गाडीच्या मनःस्थितीवर फार अवलंबून असायचा. गाडी मनासारखी वाटली नाही की तो गप्प होऊन जायचा, मनासारखी वाटली की त्याला अडवणारा कोणी नसायचा. प्रॉस्ट आणि लॉडा वाईट गाडीतूनही काहीतरी पिळून काढायचे. त्या बाबतीत ते दोघे त्याच्यापेक्षा सरस होते.

मग १९८४ मध्ये मॅक्लारेनने त्याला का ठेवलं नाही?

१९८३ च्या शेवटी पैशांची बोलणी लांबली. वॉटसनची अपेक्षा रास्त होती. गेल्या दोन्ही वर्षी त्याने लॉडापेक्षा जास्त गुण मिळवले होते, आणि लॉडाचा मोबदला मात्र कितीतरी मोठा होता. तेवढ्यात रेनॉने प्रॉस्टला काढून टाकलं. वर्षाचा उपविजेता अचानक मोकळा झाला आणि मॅक्लारेनला तो स्वस्तात मिळाला. दुसऱ्या कोणत्याही चांगल्या संघात तोवर जागा उरली नव्हती.

याला मी वाईट वेळ म्हणेन. टॅग-पोर्शेचं नवं टर्बो इंजिन त्याने १९८३ च्या शेवटच्या शर्यतींत स्वतः चालवून दिलं होतं. १९८४ मध्ये त्याच इंजिनाच्या मॅक्लारेनने सोळापैकी बारा शर्यती जिंकल्या आणि लॉडाने प्रॉस्टला अर्ध्या गुणाने हरवून विजेतेपद घेतलं.

त्याची शेवटची ग्रां प्री कोणती?

६ ऑक्टोबर १९८५, ब्रँड्स हॅच, युरोपियन ग्रां प्री. लॉडाचं मनगट दुखावलं होतं म्हणून मॅक्लारेनने वॉटसनला एका शर्यतीसाठी बोलावलं. विश्वविजेत्याचा एक नंबर असलेली गाडी त्याच्याकडे आली. जवळपास दोन वर्षं फॉर्म्युला वनपासून दूर राहिलेला माणूस सातवा आला. त्याच दिवशी मॅन्सेल पहिल्यांदा जिंकला आणि प्रॉस्ट पहिल्यांदा विश्वविजेता झाला.

स्पोर्ट्स कारमध्ये त्याने काय केलं?

बरंच. १९८४ मध्ये फुजीची १००० किलोमीटरची शर्यत त्याने स्टेफान बेलोफबरोबर पोर्शे ९५६ मध्ये जिंकली. १९८७ मध्ये यान लामर्सबरोबर जॅग्वार एक्सजेआर-८ मध्ये हारामा, मॉन्झा आणि फुजी अशा तीन शर्यती जिंकून दोघे त्या वर्षीच्या जागतिक मालिकेत दुसरे आले. ल मान्समध्ये मात्र मोठं यश कधी मिळालं नाही.

निवृत्तीनंतर तो काय करत होता? भारताशी त्याचा काही संबंध?

युरोस्पोर्टवर त्याने अनेक वर्षं फॉर्म्युला वनचं समालोचन केलं. नोव्हेंबर १९९० मध्ये एडी जॉर्डनने आपली पहिली फॉर्म्युला वन गाडी सिल्व्हरस्टोनला बाहेर काढली, तेव्हा ती पहिल्यांदा चालवायला वॉटसनलाच बोलावलं.

भारताशी धागा इथून निघतो, आडवळणाचा पण खरा. त्याच जॉर्डन संघातून २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय झाला. तो संघ पुढे हात बदलत २००८ मध्ये 'फोर्स इंडिया' झाला, ज्याच्यासाठी आपल्याकडची मंडळी रविवारी टीव्हीसमोर बसायची.

आकड्यांत सांगायचं तर?

१५२ शर्यती, ५ विजय, २ पोल, ५ सर्वांत वेगवान फेऱ्या, २० वेळा पोडियम, १६९ गुण. विजय असे: ऑस्ट्रिया १९७६, ब्रिटन १९८१, बेल्जियम १९८२, डेट्रॉइट १९८२, लाँग बीच १९८३.

जुन्या शर्यतींपैकी आधी कोणती बघावी?

डेट्रॉइट १९८२. लाँग बीचचा विक्रम मोठा आहे, पण तिथली चढाई लांबलचक आहे आणि कॅमेरा बराच वेळ पुढच्यांवरच असतो. डेट्रॉइटमध्ये त्या एका फेरीत तीन ओव्हरटेक बघताना वॉटसन काय चीज होती ते कळतं. मग सिल्व्हरस्टोन १९८१ बघा आणि त्यानंतर लाँग बीच. दिजाँ १९७७ शेवटी ठेवा, तीही पूर्ण बघा, शेवटच्या फेरीसकट.